रोप घ्यायचा तर आधी कापून बघायचा

घाटातल्या बचाव गटाला सामान घ्यायचं असलं की पहिला प्रश्न ‘काय घ्यायचं’ हा नसतो, ‘कोणाच्या पैशाने’ हा असतो. पैसे देणारा बदलला की यादी बदलते. पोलादपूर-महाबळेश्वर पट्ट्यात आम्ही वर्षानुवर्षं हे काम वर्गणीवर केलं. हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे) ज्याचा त्याचा, रोप म्हणजे कडा उतरायचा दोर गटाचा, जीप ज्याची मोकळी असेल त्याची आणि डिझेल बहुतेक वेळा जीपवाल्याचंच. पोलीस ठाण्यातून फोन येतो, “दरीत गाडी गेलीय, पोरं घेऊन या,” की निघायचं. एनडीआरएफची तुकडी तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून निघून घाटात पोचेपर्यंतचे तास स्थानिक पोरांचेच असतात. 2018 च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, एकच जण वाचला. तेव्हाही खाली उतरलेल्यांत महाबळेश्वर, महाड, पोलादपूरकडचे ट्रेकर्स होतेच.

मग एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून, पैसे देऊ केले. आमच्यासारख्यांना ही रक्कम स्वप्नातली होती. कागदपत्रं आमच्या खजिनदार ताईंनी निस्तरली: ट्रस्टची नोंदणी, करसवलतीची 12ए आणि 80जी, सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-1 चा नंबर. 2021 च्या नियमांनंतर सीएसआरच्या पैशातून घेतलेली वस्तू कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थींच्या नाहीतर सरकारी यंत्रणेच्या मालकीची असावी लागते. हे आमच्या सोयीचंच होतं. सामान आमचं, आमच्या खोलीत राहणार.

कंपनीने सोबत नमुना यादीही पाठवली. पहिल्या क्रमांकावर ड्रोन. खाली थर्मल कॅमेरा, हवेने फुगणारा आस्का लाईट, जनरेटर, दोन्ही बाजूंना नाव छापलेले टी-शर्ट. सर्वांत शेवटी ‘सेफ्टी रोप, 2 नग’. किती लांबीचा, कसला, काही नाही. मला राग नाही आला. यादी करणाऱ्या मुलाने इंटरनेटवर जे दिसलं ते लिहिलं होतं, आणि रोपाचा फोटो काही देखणा येत नाही.

आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. गटाच्या बैठकीत तात्यांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले. तात्या आमच्यातले सगळ्यात जुने, नायलॉनचा वळीव दोर कमरेला बांधून कडे चढलेल्या पिढीतले. ते म्हणाले, “काय हवंय ते लिहू नका. गेल्या काही कॉलमध्ये काय नव्हतं म्हणून अडलात, तेवढंच लिहा.” या एका वाक्याने अर्धी नमुना यादी गळाली. कागदांवर आलं ते असं: पावसात टिकणारे हेडलॅम्प, चामड्याचे हातमोजे, कड्याच्या धारेवर रोपाखाली घालायचे पॅड, स्ट्रेचर, एकमेकांशी बोलायची सोय. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर, खाली, बारीक अक्षरात, बॉडी बॅग, म्हणजे मृतदेह आणायची पिशवी.

बाहेरच्यांना हे खटकतं. रेस्क्यू म्हटलं की जिवंत माणूस वर आणणं डोळ्यांसमोर येतं. घाटातले बरेच कॉल तसे नसतात. कुणी पॉइंटवरून उडी घेतलेली असते, कुणी दोन-चार दिवस बेपत्ता असतो. बॉडी कोणत्या अवस्थेत असेल सांगता येत नाही. साध्या ताडपत्रीत गुंडाळून आणायची तर रोप, हार्नेस, हात सगळं माखतं, आणि ज्याचं माणूस गेलंय तो वर रस्त्यावर उभा असतो. जाड, कडेला भक्कम हँडल असलेल्या, पाणी न गळणाऱ्या बॉडी बॅगा हव्यातच. आणि बॉडी काढायचे रोप वेगळे ठेवायचे, त्यांची टोकं लाल टेपने गुंडाळायची, हेही तेव्हाच ठरलं. कंपनीच्या मॅडमना ताईंनी फोनवर हे समजावलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग “ते आपण ‘इतर साहित्य’मध्ये घेऊया का?” ताई म्हणाल्या, “घ्या, पण घ्या.”

यादी झाली, आता तिला कात्री लावायची होती. आमची कसोटी एकच: हे दरीपर्यंत कोण नेणार? 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी-पोकलेन पायथ्याशी उभे, वर घमेली, फावडी, कुदळी, आणि तीही माणसांनी डोक्या-खांद्यावरून चढवलेली. अग्निशमन दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेला. आमच्यातले काही जण तिथे जाऊन आले होते. त्यांना जनरेटरचं वजन वेगळं सांगावं लागलं नाही. रस्त्यावरून थेट दरीत उतरायचं असेल तर आस्का लाईट उत्तम, अपघाताच्या जागी उजेड पडला की अर्धं काम होतं. पण तो पोलीस किंवा नगरपंचायतीकडे असावा, त्यांच्याकडे गाडी आहे. आमच्या पाठीवर तो नको.

रोपावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती दिसत नाही.

बचावाला लागतो तो कमी ताणणारा, म्हणजे स्टॅटिक रोप. गिर्यारोहक चढताना वापरतात तो डायनॅमिक. तो पडणाऱ्याचा झटका पचवायला मुद्दाम ताणतो. डायनॅमिकवर स्ट्रेचर सोडलं तर जखमी माणूस दरीत वर-खाली झुलत राहतो आणि रोप कड्याच्या धारेवर करवतीसारखा घासतो. स्टॅटिकसाठी युरोपचं मानक आहे ईएन 1891, त्यात टाइप ए आणि टाइप बी. बचावाला टाइप ए, ज्याची तुटण्याची ताकद किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन. एवढं माहीत असलं तरी कोटेशन मागवताना नुसतं ‘11 मिमी नायलॉन रोप’ लिहिलंत तर मासळीच्या बोटीचा दोरसुद्धा त्यात बसतो, आणि स्वस्त असल्यामुळे निवडलाही जातो. कंपनीच्या खरेदी विभागाचा नियम साधा होता: तीन कोटेशनं, सगळ्यात कमी दराला काम. त्यांच्या जागी तेही बरोबर. म्हणून लढाई दरावर नाही, स्पेसिफिकेशनच्या भाषेवर होती. आम्ही लिहिलं: ईएन 1891 टाइप ए, 11 मिमी, प्रत्येकी 100 मीटरचे अखंड तुकडे, उत्पादन गेल्या वर्षभरातलं, त्या लॉटचं चाचणी प्रमाणपत्र सोबत, आणि खरेदीआधी नमुना तपासणार. ‘किंवा समतुल्य’ हे दोन शब्द खरेदी विभागाने परत परत घातले, आम्ही परत परत काढले. शेवटी ‘समतुल्य असल्यास त्याच मानकाचं प्रमाणपत्र’ यावर समेट झाला.

नमुने आले. एका विक्रेत्याचा रोप दिसायला सगळ्यात सुंदर, पांढऱ्यावर लाल नक्षी, आवरणावर ‘स्टॅटिक’ असं छापलेलं. तात्यांनी तो हातात घेतला, टोकाशी दाबून वाकवला आणि खिशातला चाकू काढला. विक्रेत्याचा माणूस हबकला. तात्यांनी वीतभर तुकडा कापला, बाहेरचं आवरण मागे सारलं आणि आतल्या पांढऱ्या दोऱ्या बोटांनी मोकळ्या केल्या. ते एक बारीक प्लॅस्टिकची पट्टी शोधत होते. ईएन 1891 च्या रोपात आत, सलग लांबीभर, एक छापील पट्टी असावीच लागते. तिच्यावर उत्पादकाचं नाव, मानक आणि टाइप, उत्पादनाचं वर्ष आणि धागा कशाचा ते लिहिलेलं असतं आणि किमान दर मीटरला पुन्हा येतं. या रोपात पट्टीच नव्हती. “प्रमाणपत्र आहे सर, पीडीएफ आहे,” तो माणूस म्हणत राहिला. तात्यांनी दुसऱ्या विक्रेत्याचा थोराड, कळकट राखाडी रोप कापला. आत पट्टी, पट्टीवर वर्ष. विषय संपला. कॅराबिनर (रोप अडकवायची कडी), हार्नेस अशा जीव टांगायच्या वस्तूंवर सीई या युरोपीय खुणेपुढे चार आकडी क्रमांक हवा, तोही आम्ही असाच एकेक वाचला. क्रमांक म्हणजे तपासणाऱ्या संस्थेची ओळख. नुसती ‘सीई’ अक्षरं कोणीही छापू शकतो.

11 मिमी की 10.5, यावर पोरांत जुंपली. 11 मिमीचे 100 मीटर म्हणजे कोरडे असताना आठ किलोच्या आसपास, भिजले की विचारू नका. 10.5 ने किलोभर वजन वाचतं. पण सह्याद्रीचा बसाल्ट धारदार, आणि आमचे रोप वर्षातले चार महिने चिखलाने माखलेले. जाड आवरणाला महत्त्व दिलं, 11 वरच राहिलो. उतरवायच्या उपकरणावर कोणत्या जाडीचा रोप चालतो ते कोरलेलं असतं, तेही जुळवून घेतलं. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: नवा रोप पहिल्यांदा भिजवून वाळवला की आखडतो, चार-पाच टक्के सहज. 100 मीटरचा 95 होतो. आमच्याकडे पहिल्याच पावसात तो भिजणारच, म्हणून आधीच पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून, मग मोजून टोकांवर लांबी लिहायची पद्धत ठेवली. दरीत रोप संपल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

कॅराबिनरचं थोडक्यात सांगतो. अँकरला (रोप बांधायच्या आधाराला) आणि स्ट्रेचरला स्टीलचे, अंगावर हलके अ‍ॅल्युमिनियमचे. सगळे लॉकवाले.

स्ट्रेचरची परीक्षा मात्र आम्ही गावामागच्या पायवाटेवर घेतली, भर पावसात. दोन विक्रेते आले. एकाचं टोपलीसारखं, धातूच्या सांगाड्याचं, मधून दोन भाग होणारं बास्केट स्ट्रेचर. दुसऱ्याचं जाड प्लॅस्टिकचं, गुंडाळून पाठीवर नेता येणारं. गटातला सगळ्यात वजनदार गडी पेशंट झाला. त्याला ही भूमिका नेहमीच मिळते आणि तो दर वेळी कुरकुरतो.

“सर, आमची कपॅसिटी 270 किलो आहे,” बास्केटवाला म्हणाला.

“साहेब, माणूस सत्तरचाच असतो,” तात्या म्हणाले. “उचलणारे कुठे उभे राहणार ते दाखवा.”

मेख तिथेच होती. माहितीपत्रकातल्या फोटोत सहा जण दोन्ही बाजूंनी स्ट्रेचर धरून ऐटीत चाललेले असतात. आमच्या पायवाटेवर दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. एका अंगाला कारवीचं रान, दुसऱ्या अंगाला उतार. मग रांगेत बसून हातोहात पुढे सरकवायचं, पुढचे रिकामे झाले की मागचे धावत पुढे. बास्केट या पद्धतीत चांगलं चाललं, कारण कड घट्ट होती आणि हात कुठेही बसत होता. फक्त त्याच्या बाहेर आलेल्या नळ्या कारवीच्या खुंटांत अडकायच्या. प्लॅस्टिकवालं गवताच्या घसरणीवर पाण्यासारखं निघालं, पण दगडी टप्प्यावर आलो तेव्हा आतून आमचा पेशंट अस्सल शिव्या देऊ लागला. प्रत्येक दगड त्याच्या पाठीला लागत होता. खऱ्या पेशंटचा मणका दुखावलेला असता तर? बास्केटवाल्याने जादा दरात चाक जोडायची सोयही दाखवली. दगडी पायऱ्यांवर ते चाक म्हणजे आणखी एक ओझं. शेवटी दोन्ही प्रकार घेतले. बास्केट उभ्या कड्यावर ओढून घ्यायला आणि मणक्याच्या पेशंटला, गुंडाळायचं प्लॅस्टिक रानात शिरायला. चाक नाही. प्लॅस्टिकवाल्यात खाली घालायला जाड चटई आम्हीच शिवून घेतली, महाडच्या एका शिंप्याकडून, रेक्झिनच्या आवरणासह. ती कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हती आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

हेडलॅम्पचा अनुभव उलटा. दुकानात जो जितका तेज तितका तो आवडतो. जुलैत घाटमाथ्यावर धुकं उतरलं की कपाळावरचा तेज दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो, स्वतःचे हात दिसत नाहीत. प्रकाश डोळ्यांच्या जवळून निघाला की धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो. त्या वेळी कमरेच्या उंचीवर धरलेली साधी बॅटरी जास्त दाखवते. म्हणून तेज कमी-जास्त करता येणारे हेडलॅम्प आणि शिवाय प्रत्येकाला हातातली टॉर्च. पाणी अडवण्याचा दर्जा आयपीएक्स 7 च्या खाली नाही. आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे, आणि आमच्याकडचा पाऊस शिंतोडे उडवत नाही. चार्ज होणारी बॅटरी आणि साधे सेल दोन्ही चालतील असेच निवडले. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, सेल मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात.

वॉकी-टॉकीत कायदा आडवा येतो. ऑनलाइन दोन-चार हजारांत जे संच मिळायचे, त्यातले कित्येक अशा फ्रिक्वेन्सीवर चालायचे जिथे दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, आणि विकणारा ते सांगायचाच नाही. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याचसाठी. परवान्याविना वापरता येतो तो 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा, ताकद मर्यादित. आम्ही तेच घेतले. दरीच्या तळातून वरच्या कड्यापर्यंत सरळ दिसत असेल तर छान चालतात. मध्ये डोंगराची सोंड आली की बंद. उपाय जुनाच: एक माणूस सोंडेवर छत्री घेऊन बसवायचा, त्याने खालचं वर आणि वरचं खाली सांगायचं. या माणसाला निरोप जसाच्या तसा सांगायची शिस्त असावी लागते. आमच्याकडे हे काम आता ठरलेल्या वहिनींकडे आहे, त्या शाळेत शिक्षिका आहेत.

मधमाश्यांच्या जाळ्यांवर कंपनीच्या मॅडम हसल्या. किल्ल्यांवर आग्या मोहोळ उठून ट्रेकर्सवर हल्ला झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. उन्हाळ्यात कड्यावर अडकलेल्याच्या डोक्यावर पोळं असू शकतं. डोक्यावरून घ्यायची जाळी रोपाच्या एका मीटरच्या किमतीत येते. लगेच मंजूर झाली. स्वस्त वस्तूंवर कोणी वाद घालत नाही.

आणि ड्रोन. त्यावर कंपनी अडून बसली होती आणि आमच्यातली तरुण पोरंही तिच्याच बाजूची. माझा विरोध ड्रोनला नव्हता, त्याच्या क्रमांकाला होता. आमचं निम्मं काम पावसात आणि धुक्यात, तेव्हा तो खोक्यातच बसणार. थर्मल कॅमेऱ्याबद्दलही गैरसमज आहेत. दाट झाडीच्या आरपार तो बघत नाही, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलेला कातळ माणसाइतकाच, कधी जास्तच गरम दिसतो. पहाटे, गार हवेत, उघड्या कड्यांवर मात्र त्याला तोड नाही. 2022 च्या फेब्रुवारीत तयार परदेशी ड्रोनची आयात बंद झाल्यापासून किमतींचा आणि दुरुस्तीचा घोळ वेगळाच. पोरांचं म्हणणं होतं की हिवाळ्यात वाट चुकलेल्या ट्रेकरला शोधायला चार टीम चार नाळांत, म्हणजे घळींत, उतरवण्यापेक्षा हा बरा. त्यात तथ्य होतं, मीही ते मान्य केलं. ठरलं असं की रोप, स्ट्रेचर, दिवे, संच यांची बिलं आधी चुकती होतील आणि उरलेल्या रकमेत जो बसेल तो ड्रोन. 250 ग्रॅमच्या आतला, नॅनो गटातला बसला. उद्घाटनाच्या फोटोत तोच मधोमध आहे. रोप मागे, टेबलाखाली, पिशव्यांत.

सामान आलं त्या दिवशी गाडीतून उतरवता उतरवताच प्रत्येक रोपाचं टोक कापून पट्टी पाहिली, ती वहीत चिकटवली, शेजारी रोपाचा नंबर घातला. आता प्रत्येक कॉलनंतर त्या पानावर लिहायचं: कुठे, किती भार, धारेवर घासला का, दगड पडला का. धुऊन सावलीत वाळवायचा, पूर्ण लांबीभर हात फिरवून आत कुठे मऊ किंवा दबलेलं लागतं का बघायचं. शंका आली की रोप बाद. बाद म्हणजे कापायचाच, नाहीतर कुणीतरी ‘अजून चांगलाय’ म्हणून पिशवीत परत घालतो.

याच कापण्यावरून सध्या आमचा आणि कंपनीच्या लेखापरीक्षकांचा पत्रव्यवहार चालू आहे. पहिल्याच पावसाळ्यात एका रोपावर दरड आली. बाहेरून आवरण शाबूत, पण एका जागी बोटाला आतला गाभा चपटा लागला. आम्ही तो तिथे कापला आणि राहिलेल्या तुकड्यांवर ‘फक्त गाठी शिकवायला’ असं लिहिलं. लेखापरीक्षकांच्या तक्त्यात ही मालमत्ता काही वर्षं वापरात दिसायला हवी. ‘वर्षाच्या आत वस्तू निरुपयोगी कशी झाली, खुलासा करावा.’ खुलाशासोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स, चपट्या भागाचा फोटो आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतलं बाद करण्याविषयीचं पान जोडलं आहे. त्यांनी आता विचारलंय की तुकड्यांची भंगार किंमत किती धरायची. ताई म्हणतात शून्य लिहू. तात्या म्हणतात, त्या तुकड्यांवर दर रविवारी वीस पोरं गाठी शिकतात, तेही लिहा.